चौरंगाला बांधलेले डहाळे

माझ्या अंगणातल्या कण्हेरीला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून टाकते. "विषारी झाड दारात कशाला लावलंय, बाई?" असं येणारा-जाणारा विचारतो. मी म्हणते, "का हो, तुम्हाला भाजी करून खायची होती का?" मग माणूस चहा प्यायला लागतो.

विषारी आहे, नाही कोण म्हणतंय! पान, फूल, साल, मूळ, सगळं विषारी. पण ते विष घेऊन ती कुणाच्या अंगावर जाते का? आपली कोपऱ्यात उभी असते. मी जन्मभर हायस्कूलात विज्ञान शिकवलं आणि दरवर्षी पानांचा पाठ आला की हिचीच डहाळी वर्गात घेऊन जायची. हात लावू द्यायची नाही, लांबून दाखवायची. एका पेरातून तीन पानं फुटतात, बघा. लांब, अरुंद, चामड्यासारखी जाड. मधली शीर ठसठशीत, आणि तिच्यातून दोन्हीकडे निघालेल्या बारीक शिरा एकमेकींना खेटून, फणीच्या दातांसारख्या. पान मोडलं की चिकट चीक. आणि खरी गंमत पालथ्या बाजूला. तिथं बारीक बारीक खड्डे असतात, खड्ड्यांत लव असते, आणि पान ज्या छिद्रांतून श्वास घेतं ती छिद्रं त्या खड्ड्यांत दडलेली असतात. वारा थेट लागत नाही, पाणी उडून जात नाही. म्हणून बाकीची झाडं माना टाकतात तेव्हा ही बया फुललेली असते. नगर-पुणे रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात हीच लावलीय ती काय उगाच? पाणी मागत नाही, धुराला भीत नाही आणि जनावर तोंड लावत नाही. हिरवी असताना कडू लागते ना, जनावर हुंगतं आणि पुढं जातं. वाळली-सुकली, दुसऱ्या चाऱ्यात मिसळली, तर मात्र त्याला कळत नाही. धोका तिथं आहे.

आमचं गाव पारनेरच्या माळावरचं. राळेगणसिद्धीचं बघून आमच्याकडेही पाणी अडवायची कामं झाली, विहिरींना पाणी टिकायला लागलं, पण ते पुष्कळ नंतर. पूर्वी इथं श्रावण-भाद्रपदातही हिरवं म्हणून काही शोधावं लागायचं. त्यामुळे माझ्या शेजारच्या घरात एक रीत पडली. गणपतीच्या चौरंगाला लोक केळीचे खांब बांधतात, तर यांच्याकडे केळ कुठली? त्यांनी कण्हेरीचे डहाळे बांधायला सुरुवात केली. चौरंगाच्या चार पायांना चार मोठे डहाळे, फुलांसकट. एरवी पत्रीत कण्हेरीचं एखादं पान असतंच, पण हे असे भारेच्या भारे मी फक्त त्यांच्याकडेच बघितले. पहिल्या दिवशी बांधायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायचे. आता त्यांच्या मळ्यात केळी आहेत, तरी बांधतात कण्हेरच. आणि ती नेतात माझ्या अंगणातून.

शेजारच्या घरची कर्ती म्हणजे आक्का. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, आवाज असा की बोलल्या तर वेशीपर्यंत ऐकू जावं. आम्ही ख्रिस्ती, चार पिढ्यांपासूनचे. आमच्या घरी गणपती नाही. आक्का दरवर्षी चतुर्थीला कुंपणाशी येऊन ओरडायच्या, "बाई, तुमच्या येशूला काय पत्री लागत न्हाई. झाड वाया चाललंय. आमच्या देवाला द्या!" मी म्हणायची, "न्या की, पण नाताळला करंजा आल्या पाहिजेत." करंजा यायच्या. आमच्या शेजाराची एवढीच बोली.

यंदा गणपतीच्या तोंडावर दोन गोष्टी एकदम झाल्या. आक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्याला पट्टी, वर काळा गॉगल, वाकायचं नाही, धुरापाशी जायचं नाही. आणि मला जावं लागलं कोल्हारला, बहिणीच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. म्हणजे आक्कांच्या घरचा सगळा गणपती येऊन पडला त्यांच्या नव्या सुनेवर. पोर वैशाखात लग्न होऊन आलेली, नगर शहरातली, फ्लॅटमध्ये वाढलेली. गुणी, हसरी, कामाला कंटाळा नाही, पण ज्वारी आणि मका शेतात ओळखायला तिला महिनाभर लागला. आक्का तिला उठता-बसता बोलायच्या. "अगं पोरी, ते गवत हाय, मेथी न्हाई!" पोर हसायची, पण एकदा माझ्याकडे येऊन म्हणाली होती, "काकू, मला या घरात कधी काही बरोबर येणार आहे का?" मी म्हटलं, "येईल. मला भाकरी यायला दोन वर्षं लागली, ह्यांना विचार." आमचे हे पेपर वाचत होते, म्हणाले, "आली कधी?" अशी माणसं असतात.

मी कोल्हारहून फोन करून आक्कांना सांगितलं होतं, अंगणाचं फाटक उघडंच आहे, पोरीला पाठवा, पाहिजे तेवढी कण्हेर न्या. ह्यांनाही मी बरोबर नेलं होतं, घरी कुणी नव्हतं.

बाप्तिस्मा झाला, बाळानं पाळकसाहेबांच्या हाताला हिसका दिला, सगळे हसले, जेवणं झाली, मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.नं नगर, नगरहून सुपा, सुप्याहून जीप. गावात पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. हे पिशव्या घेऊन मागं, मी पुढं. कुंपणापलीकडून पोर धावत आली, हातात मोदकांची ताटली. साडीचा पदर खोचलेला, चेहरा फुललेला.

"काकू, सगळं झालं! मी एकटीनं केलं! आईंनी आतून सांगितलं आणि मी केलं. डहाळेसुद्धा बांधले चारी पायांना."

"शाब्बास," म्हटलं. मोदक तोंडात घातला. चांगला झाला होता, कळ्या जरा फाटलेल्या, पण चांगला.

"आणि आज सकाळी सगळं सोडलंसुद्धा. आई म्हणाल्या, नीट मार्गी लाव, पायदळी येऊ देऊ नको. मग मी पायदळी येईल असं ठेवलंच नाही. सगळं निर्माल्य गाईला घातलं. आमच्या माहेरी पण निर्माल्य गाईलाच देतात. थोडी पेंड कालवून दिली, तिनं एक काडी ठेवली नाही!"

मी उरलेला मोदक ताटलीत ठेवला.

"सगळं? डहाळेसुद्धा?"

"हो, छोटे छोटे तुकडे करून. सुकून मऊ झाले होते."

ती गाय म्हणजे कोण, तर आक्कांची पहिलारू, पहिल्याच वेताची. घरच्याच गाईची कालवड, आक्कांनी बाटलीनं दूध पाजून जगवलेली. दिवस भरलेले, कास उतरलेली, आज वेते का उद्या. ऑपरेशनला जातानाही आक्का डॉक्टरला म्हणाल्या होत्या, "लवकर सोडा, माझी गाय व्यायची हाय." आणि त्या गाईच्या पोटात माझ्या अंगणातल्या कण्हेरीचे चार डहाळे! मूठभर पानांत मोठं जनावर आडवं होतं. मी हेच वर्गात घसा फोडून सांगितलेलं.

मी गोठ्याकडे पळाले. माझ्या वयाची बाई पळाली म्हणजे काय झालं असेल ते पोरीला कळलं. ती मागं धावत, "काकू, काय झालं? काकू, काय चुकलं?" गाय उभी होती. शांत. माश्या हाकलत होती. गव्हाण चाटूनपुसून स्वच्छ, दूर्वांची एक काडी तेवढी चिकटलेली. मी गाईच्या तोंडाकडे बघितलं, लाळ नाही. डोळ्यांकडे बघितलं. काही कळेना. कण्हेरीचं विष लगेच दिसत नाही, आधी काहीच होत नाही आणि मग एकदम हृदयच गडबडतं.

"अगं, कण्हेर विषारी असते," मी म्हटलं. मला जरा गोडीनं सांगता आलं असतं, पण तोंडातून ते असंच निघालं.

पोरीचा चेहरा पांढरा पडला. ती खालीच बसली, शेणात.

मी फोन काढला आणि जनावरांच्या डॉक्टरला लावला. तो माझाच विद्यार्थी. पलीकडे ढोल वाजत होते.

"बाई, नमस्कार!"

"नमस्कार राहू दे रे. गाईनं कण्हेर खाल्लीय. गाभण आहे, भरलेली."

ढोल बाजूला गेले. तो कुठंतरी आडोशाला गेला असावा. "कधी खाल्ली? किती? ताजी का सुकलेली?" मी सांगितलं. तो म्हणाला, "पुढचा चारा काढा. तिला हलवू नका, पळवू नका, जागची उभी राहू द्या. रवंथ करते का बघा. मी निघतो, पण सुप्याच्या चौकात मिरवणूक आडवी आहे. आणि बाई, पानं कसली होती, जून का कोवळी, ते विचारून ठेवा. अंदाज येतो."

एवढ्यात आक्का आल्या. भिंतीला धरून, काळा गॉगल, डोक्यावरचा पदर सरकलेला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांचे कान काय ऑपरेशनला दिले नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी मनात म्हटलं, आता या पोरीचं काही खरं नाही. आता गावजेवण होणार शिव्यांचं.

आक्का बोलल्या नाहीत. चाचपडत गाईपाशी गेल्या, तिच्या गळ्याखालची पोळी हातात घेतली, कानामागं हात फिरवला. मग पोरीच्या बाजूला तोंड करून एवढंच म्हणाल्या, "तू आत जा."

"आई, मला खरंच माहीत नव्हतं..."

"म्या काय म्हणले? आत जा."

पोर उठली आणि गेली. मला वाटलं, दहा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आक्का शिव्या देतात म्हणजे माणसाला आपलं धरतात, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. न बोलणाऱ्या आक्का मी कधी बघितल्याच नव्हत्या. मी दारातून आत डोकावले तर पोर चुलीपाशी उभी, फोन कानाला, हुंदके देत म्हणत होती, "पप्पा, मला न्यायला या. नाही, आत्ताच या. मला इथं कुणी ठेवणार नाही आता."

खरं सांगते, त्या वेळी मला गाईपेक्षा या दोघींची भीती वाटली. गाय गेली तर नुकसान, मोठं नुकसान, पण गाय परत घेता येते. हे घर मात्र उसवलं तर कुणी शिवायचं? आणि कारण काय, तर माझ्या अंगणातलं झाड. मी मनातल्या मनात प्रार्थना केली. गणपतीचं निर्माल्य खाल्लेल्या गाईसाठी येशूची प्रार्थना! आमचे हे कुंपणापाशी पिशव्या घेऊन तसेच उभे होते, त्यांनीही टोपी काढली होती. देवानं वरून बघितलं असेल तर त्यालाही प्रश्न पडला असेल, ही केस कुणाकडे द्यायची.

डॉक्टरनं विचारायला सांगितलं होतं म्हणून मी आत गेले. पोर कोपऱ्यात बसली होती. तिच्याजवळ बसले. "हे बघ, रडू नको. डॉक्टर येतोय. तो विचारतोय, पानं कसली होती? जून होती का कोवळी?"

ती नाक पुसत म्हणाली, "दोन्ही. खालची जाड होती. शेंड्याची एकदम मऊ, लालसर, हाताला मखमल लागावी तशी."

मी म्हटलं, "लालसर? मऊ?"

"हो. लव होती त्यांच्यावर."

कण्हेरीच्या शेंड्याला हात लावलाय कुणी? कोवळी असली तरी गुळगुळीत असते, हिरवी असते. माझ्या डोक्यात काहीतरी खट्कन झालं. पण आशेला लगेच जवळ करायची मला भीती वाटते, जन्माची सवय आहे. मी जपून विचारलं, "तोडताना चीक लागला का हाताला? पांढरट, चिकट?"

"नाही, चीक नव्हता. वास येत होता. लिंबासारखा. रात्री झोपेपर्यंत हाताला वास होता."

"आणि फांदीवर काय होतं? शेंगा होत्या का लांब, जोडीच्या?"

"शेंगा नाही काकू. मणी होते. फांदीलाच चिकटलेले, गोल गोल, लाकडासारखे टणक. ते चौरंगाला टोचतील म्हणून मी सगळे सोलून काढत बसले. अर्धा तास गेला त्यात."

मी उठले. तिचा दंड धरला. "चल."

"कुठं?"

"चल म्हणते ना! दाखव मला, कुठून तोडलंस."

गोठ्यावरून तिला ओढत नेलं, आक्का ओरडल्या, "बाई, कुठं नेता तिला?" मी तशीच पुढं चालले. माझ्या अंगणात दोन झाडं आहेत लाल फुलांची. एक पुढं, पायरीजवळ, ती कण्हेर. दुसरं मागं, पाण्याच्या टाकीजवळ. मला पायरीजवळ थांबायची हिंमत होईना. पण थांबले. बघितलं. कण्हेर होती तशी होती. एकसुद्धा फांदी तुटलेली नव्हती. शेंड्याला चार फुलं, पाच पाकळ्यांची, आपली हलत होती.

"इथून तोडलंस?"

"नाही काकू. मागून. टाकीजवळून."

टाकीजवळचं झाड म्हणजे बॉटलब्रश! मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मुलांनी दिलेलं रोप, आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. लाल फूल, म्हणजे एक फूल नव्हेच, बारीक फुलांचा अख्खा गुच्छ, आणि प्रत्येक फुलाचे लाल केसर लांब बाहेर आलेले, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. पानं लांब, अरुंद, जाड. एका पेरातून तीन नव्हे, एकेकच, आळीपाळीनं. आणि त्याची सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे फांदी फुलापाशी संपत नाही. गुच्छाच्या टोकातून पुन्हा कोवळी पानं फुटतात आणि फांदी पुढं चालू राहते, मागं राहतात ते टणक मणी. तेच मणी या पोरीनं सोललेले! झाडाला चार ताज्या छाटणीच्या खुणा होत्या. खाली मण्यांचा सडा पडला होता.

मी एक पान तोडलं, चुरगळलं, नाकाला लावलं. लिंबाचा वास. दुसरं पान तिच्या नाकाला लावलं. "हाच का?"

"हाच."

"अगं बाई! अगं माझे आई!" मी तिला मिठीच मारली. तिथंच, टाकीपाशी, चिखलात. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मला रडू यायला लागलं आणि हसूही, दोन्ही एकदम, आणि ती बिचारी माझ्या तोंडाकडे बघत, हिला वेड लागलं की काय. "अगं, ही कण्हेरच नाही! ह्याच्यानं काही होत नाही! जनावर खाऊन ढेकर देतं!"

तिला समजायला वेळ लागला. "म्हणजे मी चुकीचं झाड तोडलं?"

"चुकीचं तोडलंस म्हणून तर वाचलो ना! देव तारी त्याला कोण मारी!"

आम्ही दोघी परत पळालो. आक्का गाईच्या मानेला धरून तशाच उभ्या. मी सांगितलं. दोनदा सांगितलं. त्यांनी पान हातात घेतलं, बोटांनी चाचपलं, हुंगलं. गाय मागं मान वळवून बघत होती आणि अगदी आरामात रवंथ करत होती. आक्कांनी तिच्या जबड्यावर हात ठेवला, तो हलतोय हे बोटांनी बघितलं. मग भिंतीला टेकून बसल्या.

"म्हंजी," त्या म्हणाल्या, "माझ्या गणपतीला ह्या पोरीनं बाटल्या धुयाचा ब्रश बांधला?"

आमचे हे कुंपणापलीकडून एवढ्या जोरात हसले की हातातली पिशवी पडली. मीही हसले. पोर मात्र हसली नाही, ती आक्कांकडे बघत होती. "आई, तुम्हीच सांगितलं होतं, लाल फुलाचं, लांब पानाचं झाड. मला वाटलं हेच."

"व्हय, सांगितलं खरं. इखाचं सांगायचं तेवढं ऱ्हायलं," आक्का म्हणाल्या. "गणपतीला चाललं का न्हाई ते त्याचं त्यो बघंल. गाईला चाललं."

डॉक्टर आला तेव्हा गुलालानं माखलेला होता. त्यानं पान बघितलं, मला म्हणाला, "बाई, तुम्हीच हे आम्हाला शिकवलं होतं," आणि तरीही सगळं नीट तपासलं. ठोके मोजले, पोट बघितलं, वासराची हालचाल हातानं बघितली. म्हणाला, "जरा पोट फुगलं तर फुगलं, बाकी काही नाही. चार दिवसांत वेईल." मोदक खाल्ले आणि गेला.

आता सगळं निस्तरलं असं वाटलं, तोच फटफटी आली. पोरीचे वडील. नगरहून एका दमात आलेले, शर्ट घामानं भिजलेला, चेहऱ्यावर अशी काळजी की बघवेना. पोर म्हणाली होती, कुणी ठेवणार नाही, आणि बाप तेवढं ऐकून निघाला होता. त्यांनी मुलीकडे बघितलं, मग आक्कांकडे. हात जोडले. "विहीणबाई, पोरीचं चुकलं असंल तर... मी घेऊन जातो तिला. काही दिवस."

आक्कांनी गॉगल त्यांच्याकडे वळवला. "न्यायला? कशापायी?"

मग पोरच बोलली, खाली बघून. "तुम्ही मला आत जा म्हणालात. मला वाटलं, मी तुम्हाला नजरेसमोर नको."

आक्कांच्या पट्टीखालून पाणी आलं, डोळ्यांच्या डॉक्टरनं रडायचं नाही म्हणून बजावलं होतं तरी.

"अगं खुळे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा वेशीपर्यंत जाणारा आवाज त्या दिवशी गोठ्याबाहेरही गेला नसता. "मी ह्या घरात आले तवा तुझ्याएवढीच हुते. कुपाची कण्हेर तोडलेली, वाळून पडलेली. म्या कडबा कापला, त्यात ती पण कापली गेली. मला काय ठावं? जोडीचे बैल हुते. दोन्ही पडले. पडताना मला सासूनं गोठ्यातच उभी केली. बघ म्हणली, काय केलंस ते डोळं भरून बघ. दोन्ही मरूस्तोवर मी तिथंच उभी." त्या थांबल्या. "मला कुणी आत जा म्हणलं न्हाई, पोरी. म्हणून तुला म्हणले."

इतक्या वर्षांच्या शेजारात हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी ह्यांच्याकडे बघितलं, हे जमिनीकडे बघत होते.

पोर उठली. वडिलांना वाटलं, ती पिशवी भरायला चालली, ते फटफटीकडे वळले. तिनं आक्कांच्या पुढ्यात बसून त्यांच्या डोक्यावरचा सरकलेला पदर नीट केला, गॉगल काढून पट्टीखालचं पाणी आपल्या पदरानं अलगद टिपलं आणि गॉगल पुन्हा बसवला.

"पप्पा," ती म्हणाली, "हात धुवा, पान वाढते. जेवून मग निघा तुम्ही. गाय वेणार आहे चार दिवसांत, मी कशी येऊ?"